राजाश्रय, परीक्षा आणि अनुदान : अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची कार्यपद्धति

ज्यांनीं जुन्या ताम्रपटांचें वाचन केलें आहे त्यांस त्यांचा शेवट कसा असतो हें सांगावयास नको. दात्याची वंशावळ, प्रतिग्रहीत्याचें गोत्र व शाखा, दिलेल्या गांवाच्या चतुःसीमा, हें सर्व संपल्यावर शापवचनें येतात. दान परत घेणाऱ्यास कोणती योनि व किती सहस्र वर्षें नरकवास प्राप्त होईल, याचा त्यांत तपशील असतो. हा केवळ लेखकाचा परिपाठ नव्हे. दान देणारा राजा तेथें शत्रूस भीत नाहीं. आपल्या मागून गादीवर येणाऱ्यास भितो. आज आपण विद्वानास जें दिलें तें उद्यां दुसरा काढून घेईल, ही ती भीति. आधुनिक राज्यें विद्येस द्रव्य देतात तेव्हां या भीतीवर त्यांनीं काय उपाय योजिला आहे, व तो कितपत टिकतो, हें एका उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तें उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ‘नॅशनल सायन्स फौंडेशन’. यापुढें आम्ही त्यास ‘प्रतिष्ठान’ म्हणूं.

पोथ्यापुराण्यांच्या त्रैमासिकांत हा विषय कोठून आला, असें कित्येकांस वाटेल. आम्हीं आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें; पदार्थविज्ञानाशीं आमचा संबंध ज्योतिषाच्या पोथ्यांपुरता. परंतु मंडळाच्या बैठकींत ‘सरकारनें अनुदान द्यावें’ हें वाक्य आम्हीं इतक्या वेळां ऐकिलें आहे, व अनुदान म्हणजे काय, तें कोण ठरवितो, घेणाऱ्यावर त्याचें ओझें कोणतें, याविषयींचें आमचें सर्वांचें अज्ञान इतकें समसमान आहे, कीं जेथें ही पद्धति ७० वर्षांहून अधिक काळ चालली आहे तेथील व्यवहार समजून घेणें आम्हांस आवश्यक वाटलें.

(१) दक्षिणेचें स्मरण

प्रथम घरचें उदाहरण घेऊं. श्रावणमासांत पुण्यास पेशव्यांकडून जी दक्षिणा वाटली जाई तिचें मूळ सेनापति दाभाडे यांच्या तळेगांवच्या दानधर्मांत होतें. पुढें पेशव्यांनीं ती चालविली व पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत हजारों ब्राह्मण जमूं लागले. त्या वाटपांत दोन भिन्न गोष्टी एकत्र झाल्या होत्या. कांहीं विद्वानांची शास्त्रीमंडळीकडून परीक्षा होऊन त्यांस योग्यतेप्रमाणें रक्कम मिळे. बाकीच्या मोठ्या समुदायास केवळ उपस्थितीबद्दल अल्प दक्षिणा मिळे. पहिल्या प्रकारांत विद्येचा गौरव होता, दुसऱ्यांत धर्मादाय होता. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनीं ही दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. १८२१ सालीं विश्रामबाग वाड्यांत जी संस्कृत पाठशाळा निघाली ती याच द्रव्यांतून.

यांत आमच्या विषयाचे तिन्ही प्रश्न आहेत. द्रव्य कोणाचें? परीक्षा कोणाची? आणि द्रव्य दिल्यावर निष्पन्न काय झालें याची नोंद कोठें? पेशव्यांच्या दफ्तरांत दिलेल्या रकमेचा हिशेब सांपडतो. परंतु त्या रकमेच्या आधारें कोणत्या विद्वानानें कोणता ग्रंथ रचिला, याची नोंद दक्षिणेबरोबर ठेवण्याची वहिवाट नव्हती. दान पूर्ण झालें कीं दात्याचें काम संपलें. प्रतिष्ठानाच्या पद्धतींत नेमकें तेथून काम सुरू होतें.

(२) प्रतिष्ठानाचा जन्म व त्यापूर्वींचा वाद

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील शास्त्रीय संशोधनाचें आधिपत्य व्हॅनेव्हर बुश नांवाच्या अभियंत्याकडे होतें. नोव्हेंबर १९४४ मध्यें राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्यांस पत्र लिहून विचारिलें कीं, युद्धांत जी शास्त्रीय शक्ति उभी राहिली ती शांततेच्या काळीं कशी उपयोगांत आणावी. उत्तर तयार होण्यापूर्वींच रूझवेल्ट वारले. बुश यांनीं आपला अहवाल जुलै १९४५ मध्यें त्यांचे उत्तराधिकारी ट्रूमन यांस सादर केला. त्यांतील मुख्य मुद्दा असा कीं, ज्या संशोधनाचा तात्काळ उपयोग दिसत नाहीं तेंच पुढील सर्व उपयोगांचें बीज असतें. खाजगी व्यापारी त्यास द्रव्य देत नाहीं. म्हणून तें राज्यानें द्यावें, मात्र संशोधनाची दिशा संशोधकांनींच ठरवावी.

यावर पांच वर्षें वाद चालला. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर किल्गोर यांचें म्हणणें असें कीं, द्रव्य प्रजेचें आहे, तर त्याची वांटणी सर्व प्रांतांत व्हावी व त्यांतून निघालेल्या शोधांवर प्रजेचा हक्क असावा. बुश यांचा पक्ष म्हणे कीं, जेथें उत्तम विद्या असेल तेथेंच द्रव्य जावें. १९४७ सालीं एक विधेयक मंजूर झालें, परंतु ट्रूमन यांनीं तें नाकारिलें. त्यांत प्रमुखाची नेमणूक राष्ट्राध्यक्षाकडे न ठेवितां सभासदांच्या मंडळाकडे ठेविली होती. प्रजेस जबाबदार नसणाऱ्यांच्या हातीं प्रजेचें द्रव्य कसें द्यावें, हा त्यांचा आक्षेप. अखेर तडजोड होऊन १० मे १९५० रोजीं, आयडाहो संस्थानांतील पोकॅटेलो येथें, रेल्वेच्या प्रवासांत असतां ट्रूमन यांनीं कायद्यावर सही केली.

त्या तडजोडीचें स्वरूप लक्षांत ठेवण्यासारखें आहे. धोरण ठरविण्यास २४ सभासदांचें विज्ञान मंडळ. त्यांची मुदत ६ वर्षें, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या ४ वर्षांच्या मुदतीहून अधिक. कारभारास एक संचालक. त्याचीहि मुदत ६ वर्षें. नेमणूक राष्ट्राध्यक्षाची व संमति सिनेटची. एका सत्ताधीशाच्या जाण्यानें सर्व मंडळ एकदम उलथूं नये, हा मुदतींच्या या फरकाचा अर्थ. ताम्रपटांतील शापवचनांच्या जागीं कायद्यानें हें कालगणित बसविलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पहिल्या वर्षीं प्रतिष्ठानास अवघे २ लाख २५ हजार डॉलर मिळाले. १९५२ सालीं ३५ लाख. ऑक्टोबर १९५७ मध्यें रशियानें कृत्रिम उपग्रह सोडिला आणि अमेरिकेंत घबराट उडाली. १९५९ च्या वर्षांत हा आंकडा १३ कोटींच्या वर गेला. २०२४ च्या वर्षांत तो सुमारें ९०० कोटि डॉलर होता.

(३) अर्जापासून अनुदानापर्यंत

प्रतिष्ठान स्वतः संशोधन करीत नाहीं व स्वतःच्या प्रयोगशाळा चालवीत नाहीं. मोठ्या वेधशाळांस तें द्रव्य देतें, परंतु त्यांची व्यवस्थाहि दुसऱ्या संस्था पाहतात. देणारा एक व करणारा दुसरा, हें पहिलें तत्त्व.

संशोधक आपल्या विश्वविद्यालयामार्फत अर्ज करितो. प्रश्न कोणता, त्यावर पूर्वीं काय झालें आहे, आपण काय व कसें करणार, किती काळ व किती द्रव्य लागेल, हें ठरलेल्या पृष्ठमर्यादेंत लिहावें लागतें. अर्ज त्या त्या शास्त्राच्या कार्यक्रमाधिकाऱ्याकडे जातो. हा अधिकारी त्या शास्त्राचा जाणकार असतो; यांतील कित्येकजण विश्वविद्यालयांतून कांहीं वर्षांपुरते उसने आणिलेले असून मुदत संपतांच परत अध्यापनास जातात. तो बाहेरच्या तज्ज्ञांकडून मत मागवितो. कांहीं आपलें मत लेखी पाठवितात. कांहीं समितींत एकत्र बसून अनेक अर्जांची तुलना करितात.

परीक्षक कोण असूं नये, याचे नियम आमच्या वाचकांस विशेष मनोरंजक वाटतील. अर्जदाराचा आप्त नको. त्याच्याच संस्थेंतील नको. अलीकडे त्याच्याबरोबर ग्रंथ किंवा निबंध लिहिलेला नको. आणि ज्याच्या हाताखालीं अर्जदारानें विद्यावाचस्पतीची पदवी मिळविली तो गुरु तर कधींच नको. बाकीचे संबंध काळानें शिथिल होतात, परंतु गुरुशिष्यसंबंधास मुदत नाहीं. आमच्या परंपरेंत शिष्याची योग्यता गुरूच्या तोंडून ऐकावयाची; येथें त्याच कारणास्तव गुरूचें तोंड बंद केलें आहे.

परीक्षेच्या कसोट्या १९९७ पासून दोन आहेत. पहिली, या कामानें ज्ञानांत भर काय पडेल. दुसरी, समाजास त्याचा लाभ काय, म्हणजे विद्यार्थी तयार होतील काय, साधनें इतरांस मिळतील काय, इत्यादि. परीक्षक सल्ला देतात, निवाडा देत नाहींत. कार्यक्रमाधिकारी ते सल्ले तोलून शिफारस करितो, त्यावरील अधिकारी ती तपासतो, आणि द्रव्याचा करार करणारा अधिकारी याहून निराळाच असतो. अर्ज नामंजूर झाला तरी परीक्षकांचीं मतें, नांवें वगळून, शब्दशः अर्जदारास कळविण्यांत येतात. वर्षाकांठीं सुमारें ४०,००० अर्जांपैकीं चतुर्थांशाच्या आसपास मंजूर होतात, असा २०२४ पूर्वींच्या कांहीं वर्षांचा अनुभव होता. म्हणजे बहुसंख्य विद्वानांच्या पदरीं नकारच येतो. परंतु तो कारणासह येतो, व तीं कारणें वाचून पुढील वर्षीं सुधारलेला अर्ज करितां येतो.

द्रव्य व्यक्तीच्या हातीं न जातां तिच्या संस्थेकडे जातें. हिशेबाची जबाबदारी संस्थेची. संशोधकाचें वेतन, विद्यार्थ्यांचें वेतन, उपकरणें व प्रवास यांजबरोबर इमारत, दिवाबत्ती, ग्रंथालय व कारकुनी यांचाहि ठराविक हिस्सा त्यांत धरिलेला असतो. दरवर्षीं एक अहवाल व शेवटीं समग्र अहवाल द्यावा लागतो. अनुदान कोणास, किती, कशासाठीं व कोणत्या काळापुरतें दिलें, याचा गोषवारा कोणाहि माणसास पाहतां येतो. जानेवारी २०११ पासून प्रत्येक अर्जाबरोबर आणखी एक कागद जोडावा लागतो : या कामांत जमविलेली सामग्री कोठें ठेविली जाईल, व इतरांस कशी मिळेल.

(४) निष्पन्न काय झालें

दोन उदाहरणें देतों. पहिलें ग्रंथालयासंबंधीं आहे. १९९४ सालीं प्रतिष्ठानानें इतर दोन सरकारी खात्यांच्या सहकार्यानें संगणकीय ग्रंथालयांविषयीं एक योजना काढिली. प्रश्न असा कीं, लक्षावधि लेख संगणकांत सांठविले तर त्यांतून हवा तो कसा शोधावा. हा सूचिकाराचाच प्रश्न. स्टॅनफर्ड विश्वविद्यालयांत त्या अनुदानावर काम करणाऱ्यांत लॅरी पेज नांवाचा विद्यार्थी होता. त्याचा सोबती सर्गे ब्रिन यास प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ति होती. त्यांच्या कामांतून पुढें ‘गूगल’ निघालें. ग्रंथसूचीचा प्रश्न क्षुद्र म्हणून बाजूस सारिला असता तर हें कसें झालें असतें?

दुसरें उदाहरण धीराचें आहे. अवकाशांत दोन अतिजड गोल एकमेकांवर आदळले असतां दिक्कालांत लहरी उत्पन्न होतात, असें आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्तावरून निघतें. त्या मोजण्याची खटपट प्रतिष्ठानाच्या द्रव्यावर १९७० नंतरच्या दशकापासून चालली. ४ किलोमीटर लांबीच्या काटकोनी भुजांचीं दोन यंत्रें हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथें उभारण्यास १९९० सालीं विज्ञान मंडळानें मान्यता दिली. २००२ पासून २०१० पर्यंत वेध घेतले, परंतु एकहि लहर हातीं लागली नाहीं. तरी द्रव्य थांबलें नाहीं. यंत्रें अधिक सूक्ष्म करण्यांत आलीं. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली लहर मिळाली, आणि २०१७ चें नोबेल पारितोषिक वाइस, बॅरिश व थोर्न या तिघांस या कार्याबद्दल देण्यांत आलें. या वेधांच्या गणितांत पुण्याच्या आयुका संस्थेंतील विद्वानांचाहि वांटा आहे. तशाच तिसऱ्या यंत्रास हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाच्या परिसरांत उभारण्यास भारत सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें २,६०० कोटि रुपयांच्या खर्चाची मंजुरी दिली. ज्या क्षेत्राच्या देवालयाचीं शिल्पें पाहण्यास आम्ही जातों तेथेंच आकाशाची ही नवी वेधशाळा होणार, हा योग आम्हांस रम्य वाटतो. तेथील भूमीचें द्रव्य आमचें असलें तरी यंत्राचीं मुख्य अंगें अमेरिकेच्या प्रकल्पाकडून यावयाचीं आहेत.

(५) पद्धतींतील दोष

या पद्धतीची केवळ स्तुति करणें हें संशोधकाचें काम नव्हे. पहिला दोष असा कीं, समानशीलांच्या परीक्षेंत रुळलेल्या वाटेनें जाणारा सहज पार पडतो, आणि विलक्षण कल्पनेकडे परीक्षक साशंकपणें पाहतात. दुसरा, जेथें विद्या आहे तेथेंच द्रव्य जातें व तेथेंच विद्या वाढते. किल्गोर यांचा जुना आक्षेप खरा ठरून १९७८ सालीं मागें पडलेल्या संस्थानांसाठीं प्रतिष्ठानास स्वतंत्र योजना काढावी लागली. तिसरा, विषयाच्या नांवावरून थट्टा होते. १९७५ सालीं सिनेटर प्रॉक्समायर यांनीं, माणसें प्रेमांत कां पडतात या विषयावरील अनुदानास उधळपट्टीचें उपरोधिक पारितोषिक दिलें, व तें वृत्तपत्रांत गाजलें.

चौथा दोष सर्वांत गंभीर असून तो आम्हांस पुनः ताम्रपटाकडे नेतो. २०२५ च्या एप्रिल व मे महिन्यांत, सरकार बदलल्यावर, परीक्षा होऊन मंजूर झालेलीं व चालू असलेलीं हजाराहून अधिक अनुदानें प्रतिष्ठानानें मध्येंच रद्द केलीं; कारण दिलें तें असें कीं, तीं नव्या धोरणाशीं जुळत नाहींत. त्याच एप्रिलांत तेव्हांचे संचालक, मूळचे चेन्नईचे, सेतुरामन पंचनाथन यांनीं मुदत संपण्यापूर्वींच राजीनामा दिला. म्हणजे ६ वर्षांच्या मुदतीचें कालगणितहि मागून येणाऱ्या राजास अडवूं शकलें नाहीं. शिलाहार किंवा यादव राजाच्या लेखकास जी भीति होती ती अस्थानीं नव्हती.

मग या सर्व यंत्रणेचा उपयोग काय? आमच्या मतें उपयोग नोंदीचा. रद्द झालेल्या प्रत्येक अनुदानाचा विषय, रक्कम, संस्था व मुदत हीं आधींच प्रसिद्ध होतीं. म्हणून काय गेलें हें लोकांस मोजतां आलें, याद्या करितां आल्या, आणि न्यायालयांत वाद मांडतां आले. नोंद नसती तर गेलेलें दान मुकाट्यानें गेलें असतें. आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांस हें निराळें सांगणें नको. इनामाचा तंटा सनदेवांचून जिंकणें कठीण.

(६) आमच्या कामास यांतून बोध

मानव्यविद्यांसाठीं अमेरिकेंत १९६५ सालीं निराळें प्रतिष्ठान स्थापन झालें. तरी विज्ञानाच्या इतिहासास विज्ञान प्रतिष्ठानहि साहाय्य करितें. आपल्याकडे १९४२ पासून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आहे. २०२३ च्या कायद्यानें अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालें असून, विज्ञानाशीं जेथें संबंध येतो तेथें मानव्यविद्यांसहि तें साहाय्य करूं शकतें. दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचें विज्ञानेतिहासाचें नियतकालिक १९६६ पासून निघतें. हस्तलिखितांसाठीं २००३ सालीं राष्ट्रीय पांडुलिपि मिशन निघालें, व २०२५-२६ च्या अर्थसंकल्पांत ‘ज्ञान भारतम्’ योजना जाहीर झाली. दारें नाहींत असें नाहीं. प्रश्न असा, कीं आम्ही दाराशीं काय घेऊन जातों.

येथें एक अनुभव सांगणें भाग आहे. सुमारें २० वर्षांपूर्वीं एका गांवीं, एका जुन्या वाड्यांत, ग्रहलाघवाची मल्लारीच्या टीकेसह एक जुनी प्रत आहे असें कळल्यावरून आम्ही तेथें गेलों. मालकांनीं आदरातिथ्य उत्तम केलें. रुमाल लांबून दाखविला. सोडिला मात्र नाहीं. ‘आमच्या घराण्याची ठेव आहे,’ एवढेंच म्हणाले. आम्ही तीनदां गेलों. चौथ्यांदां गेलों तेव्हां वाड्याची दुरुस्ती चालली होती, आणि रुमालांत वाळवीच्या मातीवांचून कांहीं उरलें नव्हतें. त्या प्रतींत पाठभेद होते कीं नव्हते, लेखनकाल कोणता, लेखक कोण, हें आतां कोणासहि कळणार नाहीं. त्या गृहस्थांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. कारण आमच्या स्वतःच्या कपाटांतील दोन बाडांची यादी आम्हींहि त्या दिवसापर्यंत केलेली नव्हती.

म्हणून संग्राहक वाचकांस आमची विनंती तीन कलमांत सांगतों. अनुदान मागण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या संग्रहाची यादी करावी : ग्रंथनाम, कर्ता, पत्रसंख्या, लेखनकाल, आरंभ, अंत व स्थिति. दुसरें, त्या यादीची एक प्रत मंडळांत ठेवावी, म्हणजे मूळ गेलें तरी नोंद राहील. तिसरें, पोथी दुसऱ्यास पाहूं देण्याची अट आधींच मनानें स्वीकारावी. कारण प्रजेचें द्रव्य घ्यावयाचें आणि पोथी रुमालांत बांधून ठेवावयाची, या दोन गोष्टी कोणत्याहि देशांत एकत्र नांदत नाहींत. अर्ज नामंजूर होईल तर होवो. यादी तरी हातीं राहील.

वरील दोन बाडांची यादी आम्हीं नंतर पूर्ण केली असून तिची प्रत मंडळाच्या चिटणिसांकडे दिली आहे. ज्यांस पाहणें असेल त्यांनीं ती अवश्य पाहावी, आणि आपली आणून शेजारीं ठेवावी. इत्यलम्.